फ्लॉपी ड्राइव्हचा हिरवा दिवा

परवा जुन्या संगणकात फ्लॉपी ड्राइव्ह बसवत होतो. बायको गेल्यापासून दुपार संपता संपत नाही, म्हणून असलं काहीतरी काढून बसतो. ड्राइव्ह बसला, पण त्याचा हिरवा दिवा विझेना आणि फ्लॉपी उघडेना. शेवटी सुधाकरला फोन लावला. पूर्वी आम्ही दोघं एकाच ऑफिसात संगणक दुरुस्त करायचो. निवृत्तीनंतर तो नाशिकला गेला आणि बोलणं दिवाळीच्या शुभेच्छांपुरतं उरलं.

"दिवा सारखा पेटलेलाच आहे ना? मग केबल उलटी लागलीय," तो लगेच म्हणाला. "मशीन बंद कर आणि फिरवून लाव."

मी तसं केलं. दिवा क्षणभर लुकलुकून विझला. पडद्यावर फ्लॉपीतल्या फायलींची नावं उमटली. नुसतं बोलावंसं वाटलं म्हणून फोन केला, असं म्हणायची आमच्या वयाच्या पुरुषांना लाज वाटते. त्यासाठी काहीतरी बिघडावं लागतं.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"नाही रे, अजून तसंच आहे," मी म्हणालो.

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"असू दे," सुधाकर म्हणाला. "मी बसलोय इथे. सावकाश सांग."