बिदाईच्या सीनवरचा गुलाब

अल्लीपुरात लग्न म्हटलं की चंद्रभानचा कॅमेरा आलाच. दोन हजार चार साली त्याने घरात कॉम्प्युटर मांडला, आणि तेव्हापासून गड्याचे पाय काही जमिनीवर टिकेनात. पहिलं सॉफ्टवेअर साधंसुधं. कापा, जोडा, गाणं टाका, संपलं. पण एकदाही अडलं नव्हतं. मग नागपूरहून त्याने नव्या सॉफ्टवेअरची एक कॉपी केलेली सीडी आणली. तिच्यात दीड हजार इफेक्ट! नवरी कमळातून उगवते काय, वरात बर्फाच्या डोंगरावरून जाते काय! लोक खुळावले, आणि चंद्रभान त्यांच्याहून जास्त. जुनं सॉफ्टवेअर त्याने पुसूनच टाकलं.

नव्यावरचं पहिलं मोठं काम म्हणजे शेजारच्या वासुदेवरावांच्या वर्षालीचं लग्न. वासुदेवराव किराणा दुकानदार, कॅमेरा दिसला की पाठ फिरवणारे. सगळ्या लग्नात त्यांनी तेच केलं. बिदाईला मात्र लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं.

नेमका तिथंच कॉम्प्युटर थिजायचा. एकदा झालं, दोनदा झालं, पाच वेळा झालं. वासुदेवरावांचा चेहरा समोर आला की पडदा काळाठिक्कर.

दारातून पाहणारी चंद्रभानची बायको कमला पुढे आली.

"काऊन हो, त्याच माणसापाशी काऊन अडून राह्यलं हे? मले काई बरं नाई वाटत. ते जुनंच आणा ना परत."

"तुले काय समजते त्यातलं? चहा ठेव!"

खरं तर त्यालाही आतून चर्र झालं होतं. पण दीड हजार इफेक्टांचा मोह सुटतो होय! त्याने तेवढाच तुकडा कापला आणि तिथं उमलता गुलाब बसवला. काम सुरळीत पार पडलं, सीडी शेजारी पोचली. मग सगळे व्हिडिओवाले करत तेच त्याने केलं. कॉम्प्युटरातलं लग्न पुसून जागा केली आणि मूळ शूटिंगच्या कॅसेटवरच हिंगणघाटचं दुसरं लग्न घेतलं.

सीडी दिल्याच्या नवव्या दिवशी वासुदेवराव दुकानातच कोसळले ते उठलेच नाहीत.

तेरवी झाल्यावर वर्षाली लग्नाची सीडी घेऊन आली. "चंद्रभानभाऊ, घरात बाबाचा एक फोटो नाई. मतदानकार्डावरचा तर ओळखूही येत नाई. यातून काढून द्या, भिंतीवर लावतो."

चंद्रभान टेबलावरच्या कॅसेटी आवरत बसला. तिनेच सीडी आत सरकवली. मांडवात बाबांची पाठ, पंगतीत पाठ. बिदाई आली. सुरकुतलेला हात तिच्या डोक्यावर टेकला, आणि पडदाभर गुलाब उमलला.

वर्षाली खुर्ची पुढे ओढून वाकून पाहू लागली.

"फूल जरा बाजूले करा ना भाऊ," ती म्हणाली. "मागं बाबा असतील."

चंद्रभानने माउस हातात घेतला आणि उगाच इकडून तिकडे हलवत राहिला.