तेवीस नंबरच्या मशीनवरचं कुंकू

आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. तेव्हापासून घरात नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी सरळ उठून जातो. त्यामुळे हे मला लिहावं लागतंय याचाच राग येतोय... पण घडलं ते घडलं.

वराळेजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. तेवीस मशीन आणि मी एकटा. गेल्या वर्षीची खंडेनवमी. सफाईच्या कांतामावशी – औंढ्याच्या – हळदकुंकू नि झेंडूचं ताट घेऊन टेबलाटेबलापाशी फिरत होत्या. माझ्याकडे आल्यावर म्हणाल्या, "भाऊ, आजचा दिस मिशनींना इसावा द्या. खंडेनवमीला हत्याराला हात लावत न्हाईत."

"माझ्या मशीनना कुंकू लावायचं नाही, मावशी. आणि विसावाबिसावा काही नाही, आज उलट अपडेट आहे!" मी फाडकन बोललो. त्या ताट घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या.

अपडेट आधी एका मशीनवर तपासून बघायचा असतो. पण मी शहाणा! सणामुळे गर्दी कमी, म्हणून सकाळी अकराला तेवीसच्या तेवीस मशीनवर एकदम सोडला. पाच मिनिटांत रिसेप्शनवरून ओरड आली – स्क्रीन निळी. मग लॅब, मग मेडिकल, मग सर्व्हरसुद्धा. चालू होतंय, बंद पडतंय, पुन्हा चालू होतंय...

आणि नेमकं तेव्हाच मळवलीहून माझ्या धाकट्या बहिणीला, प्रज्ञाला आणलं. बाळंतपणाला अजून पंधरा दिवस होते, पण रक्तस्राव सुरू झाला होता. तिचा बॉम्बे ब्लड ग्रुप, हजारो माणसांत एखाद्याचा असतो तो, आणि दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नाही. पुण्यातल्या रक्तपेढीत फोन केला, तर संध्याकाळपर्यंत बघू म्हणाले.

"संध्याकाळ? एवढा वेळ नाहीये आपल्याकडे," डॉक्टर म्हणाले. "आपल्या रक्तदान शिबिराच्या यादीत या गटाचा एक जण आहे ना? नंबर काढा पटकन!"

यादी सर्व्हरवर. आणि सर्व्हर मी मारलेला.

मी काय काय केलं नाही! सेफ मोड झाला, जुनं व्हर्जन झालं, बॅकअपची डिस्क झाली... तर डिस्क उघडायचा कोड सर्व्हरमध्येच. घाईत पासवर्ड तीनदा चुकला. आई दारात उभी. "सापडला का रे नंबर?" एवढंच विचारत होती, पुन्हा पुन्हा. मी माझ्या हातानं बहिणीचा जीव घेतोय, हे तिला कसं सांगणार?

शेवटी रेकॉर्ड रूम आठवली. तिथल्या तेवीस नंबरच्या मशीनवर पूर्वी या याद्या टाईप व्हायच्या. आशा नव्हतीच. अकराला तेही मला माझ्या स्क्रीनवरच्या यादीत चालू दिसलं होतं, म्हणजे तेही गेलेलं असणार. तरी धावलो, कुलूप काढलं. किल्ली एकच, सकाळपासून माझ्या खिशात.

मशीन बंद होतं. पॉवरची आणि नेटची, दोन्ही वायरी काढून नीट गुंडाळून ठेवलेल्या. वर झेंडूचं फूल. आणि समोर हळदकुंकवाची दोन बोटं... ओली.

कुणी केलं हे? पण विचार करायला वेळ कुठे होता? फक्त पॉवर जोडली, नेट नाही; नाहीतर अपडेट तिथंही उतरला असता. मशीन सुरू झालं आणि यादी तिथं होती! लोणावळ्यात टायरचं दुकान असलेले शेखभाई. पहिल्याच रिंगला फोन उचलला, म्हणाले, "निघालोच!" सुट्टीमुळे एक्सप्रेसवे तुंबलेला, तर गडी जुन्या हायवेनं मोटरसायकलवर आला. तपासणी झाली, रक्त चढलं. प्रज्ञा वाचली, पोटातली मुलगीही वाचली. मी जिन्यात बसून ढसाढसा रडलो.

मग मावशींना शोधून हात जोडले. "तुम्हीच ना?"

त्या चिडल्याच. "मी? तुमीच म्हनलात न्हवं, माज्या मिशनींना कुकू लावायचं न्हाई? मग मी कशाला लावीन? आन् त्या खोलीची किल्ली मला कोन देतंय?"

सीसीटीव्ही बघायचा ना, असं म्हणाल. त्याचं रेकॉर्डिंगही त्याच अपडेटनं गेलं होतं. मीच करून विसरलो म्हणावं, तर मी... आणि कुंकू?

देव मी आजही मानत नाही. पण तेवीस नंबर पुसताना तेवढी जागा सोडून पुसतो. का, ते मला सांगता येणार नाही.

उत्तर अजून मिळालेलं नाही. भाची मात्र आता चालायला लागलीय.