गावावरची स्वच्छ हवा

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तरी आटपाडीकडची माणसं आभाळाकडे संशयानंच बघत होती. त्यात आम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेतून ट्रकनं यंत्र आणलं आणि माझ्याच गावाबाहेरच्या माळावर मांडलं. लेसरचा लाल प्रकाश क्षणभर आभाळात सोडायचा. हवेतल्या धुळीवरून, वाफेवरून त्यातला कणभर माघारी येतो, तो दुर्बिणीनं पकडायचा. पडद्यावर रेघ उमटे, तिचा फोटो काढायचा. कुठल्या उंचीवर किती धूळ, किती बाष्प, ते त्या रेघेवरून कळे.

"आभाळात बॅटरी मारून पाऊस पडतो व्हय रं?" आईनं विचारलं.

"पाडायचा न्हाई आये, मोजायचं हाय."

"मोजाया हाय काय वर?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि माळाकडे निघालो.

ती दम्यानं अंथरुणाला खिळली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. दिवसभर मी तिच्या उशाशी बसे आणि ऊन उतरलं की माळावर जाई. न जाऊन चालत नव्हतं. यंत्र चालवणारे आम्ही दोघंच, मी आणि माझे साहेब. निघताना रोज एकच भीती असायची: ही जाईल तेव्हा मी वर बघत असेन.

साहेबांचं दुखणं वेगळंच. किरण गावावरून तिरका जायचा आणि नेमक्या त्याच वेळी गावात चुली पेटायच्या. शेणी-तुरकाठ्यांचा धूर घरांवर तरंगत राही आणि रेघेच्या सुरुवातीलाच टेंगूळ येई. "तुझ्या गावानं माझं आभाळ नासवलं," ते चिडायचे. शेवटी त्यांनी माझ्याकरवी निरोप धाडला, चुली जरा उशिरा पेटवा. गावानं मान डोलावली आणि रोजच्याच वेळेला जाळ घातला. आईला हे सांगितलं, तर धाप लागलेली असतानाही ती हसली.

"सायबाला म्हणावं, माणसं जेवत्यात म्हणून धूर हाय."

तेव्हापासून ते टेंगूळ मला आवडायला लागलं. साहेब कपाळाला हात लावत आणि मला वाटे, चला, घरोघरी भाकऱ्या चालल्यात, सगळं ठीक आहे.

एका संध्याकाळी रेघ नितळ आली. साहेबांनी पुन्हा प्रकाश सोडला. पुन्हा तशीच. ते लहान पोरासारखे खूश झाले. "ऐकलं बघ तुझ्या गावानं! इतकी स्वच्छ हवा मी पाहिलेली नाही."

लेसरपासून डोळे जपायला लावलेला काळा चष्मा काढून मी गावाकडे पाहिलं. एकाही घरावर धूर नव्हता. आमच्या गावात मढं असलं, मग ते कुणाच्याही घरचं असो, ते उचलेपर्यंत कुणी चूल पेटवत नाही. गावात म्हातारी माणसं काय कमी आहेत, असं मी स्वतःला समजावत होतो. तेवढ्यात पायवाटेनं माझे चुलते येताना दिसले. पटका डोक्यावर नव्हता, हातात होता.

"चल बाबा," एवढंच ते म्हणाले.

तो फोटो प्रयोगशाळेत पुढं कितीतरी वर्षं होता. नवीन कुणी आलं की साहेब तो काढून दाखवायचे, स्वच्छ हवेची रेघ अशी असते म्हणून. मला त्या रेघेत आईसाठी उपाशी राहिलेलं अख्खं गाव दिसायचं.