आईचा बाईट

"आमाला काय कळतंय बाबा, आमी अडानी मान्सं," असं पडद्यावरची बाई म्हणली अन् मालक खुर्चीतून पुढं वाकून हसले. म्हणले, "हिच्या मागं शेळीचा आवाज टाक. लय चालंल."

पडद्यावरची बाई माझी आई होती. माउसवर हात माझा होता.

परभणीतल्या एका यूट्यूब न्यूज चॅनलात मी व्हिडिओ कापायचं, जोडायचं काम करायचो. मालक बागायतदाराच्या घरचे. माणूस गोड बोलणारा. घरचं काय करतेत म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हणलं, शेती, पोखर्णीला. शेती दुसऱ्याची हाय अन् दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊस तोडायला निघतेत, हे गिळून टाकलं. आईलाबी बजावून ठेवलं होतं की माझ्या हापिसचं कुणी भेटलं तर मी तुझा हाय असं सांगू नको.

त्या दिवशी आमचा रिपोर्टर गंगाखेडकडं गेला होता. तिथं ऊस तोडायचं नवं मशीन आलेलं. पुढारी जमलेले, एआयवर उसाची शेती करा म्हणून भाषणं झालेली. लोकांची मतं घेऊन ये, असं मालकांनी सांगितलेलं. कडक इस्त्रीवाल्यांनी मतं दिली, त्यांच्या नावाखाली आम्ही 'प्रगतशील शेतकरी' अशी पट्टी मारली. मग रिपोर्टर जवळच्या उसाच्या फडात शिरला, तिथंच यंदा आईची टोळी तोडणीला होती, अन् समोर दिसली त्या बाईपुढं त्यानं माईकचा बूम धरला. ती माझ्याबद्दल एक शब्द बोलली न्हाई. मी सांगितलं होतं तशीच वागली.

पण मत दिलं. अडाणी म्हणून सुरुवात केली, पदर सारखा केला अन् मग अशी बोलली की मी खुर्चीत ताठ झालो.

"मशीन येऊ द्या की. आमाला काय कोयत्याचा शौक हाय का? पाठ मोडून जाती. पर आमाला मंग कोन्तं काम देनार, हे कुनीच बोलंना. मागं आमी कर्नाटकात व्हतो, तर मतदानाला पुढाऱ्यांनी गाडी पाठवून आनलं. आन् आज मशीनची बैठक झाली, आमी हितंच फडात हाव, तर गाडी का न्हाई पाठवली? उसाला पानी कवा पायजे ते मोबाईल सांगतो म्हनं. मंग त्या मोबाईललाच इचारा आमचं काय करायचं ते."

एवढं लांबण कोण ऐकतंय, असं मालक म्हणले. पयलं अडाणी ठेव, शेवटचं मोबाईल ठेव, मधलं उडव.

मी उडवलं. हात सराईत चालला. शेळीचे दोन-तीन आवाज लावून बघितले अन् त्यातला बरा निवडला. वर 'एआय तज्ज्ञ काकू' असं मीच लिहिलं, ते तर मालकांनी सांगितलंबी नव्हतं. त्यांनी पाठीवर थाप मारली. मी हसलो.

रील तुफान चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. टोळीतल्या समद्यांनी बघितलं होतं. पोरंसोरं तिच्या मागं बें बें करत फिरायलेली. मला वाटलं रडंल. रडली न्हाई.

"म्या मधी बी बोलले व्हते रं," ती म्हणली. "ते त्या माईकवाल्या मान्सानं कुटं टाकून दिलं? तू तितं आसतास तर आसं हू दिलं नसतंस."

मी हूं म्हणलं. फोन ठेवला अन् उघडलेला डबा तसाच झाकला. मला माझीच किळस आली, अजूनबी येती.

तेवढ्यात मालक आले, एकदम खुशीत. त्या बाईला परत गाठा म्हणले. दर आठवड्याला तिचं एक मत. निवडणुकीवर, मोबाईलवर, कशावरबी बोलू द्या.

मी म्हणलं, "ती माझी आई हाय."

मला वाटलं खाली बघतील. न्हाई. त्यांचा चेहरा आणखी खुलला.

"अरे मग आधी न्हाई का सांगायचं? घरचंच मटेरियल हाय की. तूच शूट कर."

तिथं माझे डोळे उघडले. त्यांना लाज वाटली न्हाई, कारण मलाच वाटली नव्हती, हे त्यांनी बघितलं होतं. मी म्हणलं, करणार न्हाई. ते म्हणले, मग उद्यापासून येऊ नको. मी आईचं न कापलेलं बोलणं, म्हणजे सगळा बाईट, फोनमधी घेतला अन् तिथून उठलो ते परत गेलो न्हाई. स्वतःच्या खात्यावर तो जसाच्या तसा टाकला, आईचं नाव लिहून. थोड्याच लोकांनी बघितला. शेळी न्हाई ना त्यात.

आजकाल जो तो म्हणतो, एआय माणसाचं काम खाईल. खाईलबी. पण माझ्या आईचं बोलणं कोणत्या मशीननं खाल्लं न्हाई. पगारी लेकानं खाल्लं.

अन् आता खरी शिक्षा सुरू झाली. गावातले मला शाबास म्हणायलेत. आईची इज्जत राखलीस म्हणतेत. अन् आई टोळीभर सांगत फिरायली की दुसऱ्यानं माजं बोलनं टाकून दिलं, माज्या लेकानं हुडकून आनलं.

उद्या पयल्या गाडीनं मी गंगाखेडला निघायलोय. तिला बाजूला घेऊन हळूच सांगायचा विचार आला होता. तो सोडून दिला. हसू झालं ते टोळीपुढं, मग सांगायचंबी टोळीपुढंच. शेळी मी लावली, मधलं मी उडवलं, वरचं नाव मी लिहिलं. मालकाचं नाव पुढं करणार न्हाई, पोटासाठी केलं असंबी म्हणणार न्हाई.

मग तिचं माझ्याबद्दल काय मत हाय, ते ती देईल. तोंड दाखवू नको म्हणली तर ते तिचं मत. मी हात जोडून मधी बोलणार न्हाई. तिचं बोलून होईस्तोवर तिथंच उभा राहणार.