कुशाबाईचं निळं पिंप

डोंगराच्या पायथ्याला घर असलं की देखावा छान दिसतो, असं पावसाळ्यात सहलीला येणारे सांगतात. कुशाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या देखाव्याकडे संशयाने बघते. डोंगर खाली येतो, हे आंबेगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून तिच्या घरात घट्ट झाकणाचं एक निळं पिंप आहे. त्यात तांदूळ, डाळ, मीठ-मिरची, प्लास्टिकात गुंडाळलेल्या काडेपेट्या, बॅटरी, कागदपत्रं आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात रोकड. पावसात लाइट जाते, लाइटीमागून टॉवर जातो आणि मोबाइलमधले पैसे मोबाइलमध्येच राहतात. मृग लागला की ती पिंप नव्याने भरते. जुनं टाकवत नाही, त्यामुळे जूनभर घरात मागच्या वर्षी न आलेल्या आपत्तीचा भात शिजतो. नवरा, कुंडलिक, किडे निवडत जेवतो. "आपत्ती परवडली, पर ह्यो भात नगं."

यंदा पाऊस उघडेना. घरामागच्या चढावर भेग पडली आणि सगळ्यांनी खालच्या गावातल्या शाळेत हलावं, असा निरोप आला. कुशाबाईने पिंपाला दोरी बांधली. कुंडलिक गोठ्यात जाऊन बसला.

"आवं, चला की."

"म्हस कुटं ठिवू?"

"शाळंत जनावर घेत न्हाईत. सोडून द्या, जाईल रानात."

"तुला सोडलं तर जाशील व्हय?"

"कवाच गेले असते."

तो हलला नाही. पिंपात माणसाला लागणारं सगळं होतं. माणसाला म्हैस लागते, एवढंच तिच्या ध्यानातून सुटलं होतं.

पिंपातला पावडरचा डबा काढून ती भिजत रस्त्यावर आली. मंचरचा सत्तार कुणाचं तरी सामान पोचवून पिकअप वळवत होता.

"सत्तारभाऊ, पेठला जायचंय. माज्या भनीकडं."

"बसा की मावशी. तुमचं कसलं भाडं?"

"मी न्हाई. म्हस."

"म्हशीचं लागंल."

"आन् मालकाचं?"

"मालक म्हशीवर फुकट."

पावडरचा डबा तिथंच रिकामा झाला. म्हैस चढली, दावं धरून मागोमाग कुंडलिक चढला. रोकड माणसं हलवायला ठेवली होती, माणूस हलला. निघताना त्याने पिंप सांभाळायला सांगितलं.

शाळेत कुशाबाई पिंपावर बसून राहिली. बाया चिमूटभर मीठ, एखादी काडेपेटी मागून नेत होत्या. एका दुपारी चढाचा लचका सुटला. घर वाचलं, गोठा गेला.

पाऊस ओसरल्यावर कुंडलिक म्हशीला घेऊन परतला. गोठ्याच्या जागी चिखल साचला होता, म्हणून त्याने तिला दारात बांधलं.

"दूध कमी केलंय तिनं," तो म्हणाला. "लई घाबरलीया."

"मी बी घाबरले व्हते."

पिंपाच्या तळाशी थोडे तांदूळ उरले होते. कुशाबाईने ते शिजवले. ताट पुढे आलं, आणि कुंडलिकने काही न निवडता भात खाल्ला.