कोरी कड

आमच्या लॅबमध्ये त्यांना सगळे पापुद्रेकाका म्हणत. मेणाच्या वडीत बसवलेला शरीराचा तुकडा ते मायक्रोटोमवर इतका पातळ कापत, की त्या पापुद्र्याशेजारी आम्ही श्वासही जपून सोडायचो. बाकी माणूस महाखडूस. त्यांच्या ब्रशला हात लावला की सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला. माझं टेबल शेजारचंच, त्यामुळे माझ्या बहुतेक पिढ्या उद्धरून झाल्या होत्या.

त्यांची धाकटी बहीण स्वादुपिंडाच्या दुखण्याने वाळून काडी झाली होती. उपाय संपले होते. एका नव्या औषधाची चाचणी तेवढी सुरू होणार होती, आणि तिला त्यात घ्यायचं की नाही हे आमच्या काचेवर ठरणार होतं. स्वादुपिंडाच्या नलिकांच्या पेशींत एक एन्झाइम असतं. पोटातून आलेलं आम्ल मारणारा क्षार त्याच्या जोरावर तयार होतो. आमच्या रंगात ते तपकिरी दिसतं, आणि निरोगी पेशीत नलिकेच्या पोकळीकडच्या कडेला त्याची ठळक रेघ उमटते. ती रेघ दिसली तरच औषध मिळणार होतं.

बहिणीची वडी आली तेव्हा मी म्हटलं, "काका, ही मी करते."

"तू? बटाटा तरी धड कापता येतो का तुला?" म्हणाले, आणि वडी ओढून घेतली.

दोन काचा रंगात उतरल्या. एक निरोगी माणसाची, ताडून बघायला, दुसरी बहिणीची. पहिलीवर रेघ उमटताच काकांनी ती बाहेर काढली. दुसरी काढलीच नाही. जास्त वेळ राहिलेल्या काचेवर खोटा रंग चढतो, म्हणून दोन्ही एकदम आत, एकदम बाहेर, हा नियम मला त्यांनीच ओरडून ओरडून शिकवला होता. मी हाक मारली, तर ऐकूच न आल्यासारखं केलं.

शेवटी ती काच मायक्रोस्कोपखाली ठेवून म्हणाले, "बघ. कडेला आलंय ना?"

कडेला आलं होतं. तंतूंत आलं होतं, जिथे काहीच नसतं तिथेही आलं होतं. मला त्यांचा संताप आला आणि रडूही आलं.

"काका, सगळंच तपकिरी झालंय हो."

"कडेला आलंय की नाही, तेवढंच सांग."

मी निरोगी माणसाची काच त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी बहिणीची काच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पुन्हा मायक्रोटोमशी जाऊन बसले. नवा पापुद्रा, नवा रंग. या वेळी दोन्ही काचा एकदम काढल्या. बहिणीच्या पेशींत आत कुठेतरी धुरकट रंग होता. कड कोरी होती. निकाल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्यांनी ती काच स्वतः नेऊन ठेवली.

बहीण बाहेर बाकावर बसली होती.

"दादा, माझं तूच कापलंस ना?"

"मीच."

"मग मला घोर नाही. तुझ्या हातचं कधी काही बिघडलंय?"

"नाही बिघडलं," काका म्हणाले, आणि तिची पिशवी उचलली.