जांभळी भिंत आणि मुलीचा बाप

मी मराठी मालिकांचा समीक्षक आहे, आणि आमच्या घरात ही गोष्ट पाहुण्यांना सांगत नाहीत.

"हे औषधाच्या कंपनीत स्टोअरला होते, आता रिटायर आहेत," असं माझी बायको सुनंदा सांगते. तेही खरंच आहे. रिटायर झाल्यावर अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी टीव्हीसमोर बसून नटनट्यांच्या चुका काढायला लागलो. मोठ्याने. शेवटी सुनंदा म्हणाली, "हे सगळं कागदावर तरी लिहा, म्हणजे मला मालिका ऐकू येईल." ती वैतागून बोलली होती. मी ते प्रोत्साहन समजलो.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये चंदरभाईंचा छापखाना आहे. लग्नपत्रिका हा त्यांचा धंदा आणि एक चार पानी साप्ताहिक हा त्यांचा शौक. माझा पहिला लेख वाचून ते म्हणाले, "साईं, थोडा तिखा लिखो. मीठा तो मैं शादी के कार्ड में छापता हूं." झालं! तेव्हापासून दर शनिवारी 'काकदृष्टी' या नावाने मी तिखट लिहितो. खरं नाव सुनंदाने घालू दिलं नाही. "आपल्याला मुलगी आहे," एवढंच ती म्हणाली. (तेव्हा मला या दोन गोष्टींचा संबंध कळला नव्हता.)

तिखट म्हणजे किती? 'चुलतसासू' ही नवी मालिका आली तेव्हा मी लिहिलं, 'नायिका तीन भाग कोमात आहे आणि तिच्या नखांचा रंग रोज बदलतो. डॉक्टर सोडून ब्युटी पार्लरवालीला विचारा, ती कधी शुद्धीवर येणार ते.' पण माझं खरं गिऱ्हाईक होतं 'माप ओलांडलं कुणी'. ही मालिका एकदा संपली, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पाच महिन्यांत ती दुसरं पर्व घेऊन परत आली. त्यातल्या माणसांपेक्षा माझा राग त्यातल्या घरावर. दिवाणखान्यात एक अख्खी जांभळी भिंत. तिच्यासमोर दोन सोनेरी हंस. मधे झोपाळा, कडेला गोल जिना, जिन्याखाली माशांची टाकी. मी लिहिलं, 'वांगी स्वस्त झाली होती त्या आठवड्यात ही भिंत रंगवलेली दिसते. असल्या घरात माणसं राहत नाहीत, फक्त सेटवरचे लोक राहतात.' दुसऱ्या पर्वाला लिहिलं, 'सून बदलली, सासू बदलली, भिंत मात्र तीच. एवढे लोक अपघातात मारले, तर एका भिंतीला मारायला काय हरकत होती?' चंदरभाई या वाक्यावर इतके हसले की त्यांनी दोन पत्रिकांवर मुहूर्त चुकीचा छापला.

आता मंजिरी. मंजिरी आमची एकुलती एक. एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. तिथल्याच निखिल भोईर नावाच्या मुलावर तिचं मन बसलं. मुलगा सालस, बदलापूरचा. वडील बाळारामभाऊ, आई शकुंतलाबाई. जुनी शेतकरी माणसं, आता स्वतःचा बंगला. मला मुलगा फार आवडला, कारण तो माझं बोलणं मधे न तोडता ऐकतो. एका रविवारी सकाळी आम्ही तिघं बदलापूरला बोलणी करायला गेलो. रिक्षात मंजिरीने मला एकच सांगितलं, "बाबा, प्लीज, कशालाच नावं ठेवू नका."

"मी कधी ठेवतो?" मी म्हटलं. रिक्षावाल्यानेसुद्धा आरशातून बघितलं.

बंगल्याचं दार उघडलं. बाळारामभाऊ हात जोडून उभे, मागे निखिल. "या, या, या. लाजायचं नाय, आपलंच घर समजा." मी चप्पल काढून आत पाऊल टाकलं आणि समोर बघितलं.

जांभळी भिंत.

मी डावीकडे बघितलं. हंस. उजवीकडे बघितलं. गोल जिना, खाली टाकी, टाकीत मासे. मागून सुनंदाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो चार दिवस निळा होता. माझे लेख छापायला जाण्याआधी ती वाचते. तिला भिंत माझ्याइतकीच पाठ होती.

"ओळखलीत ना?" बाळारामभाऊ खूश होऊन म्हणाले. "सगळे ओळखतात. आपल्याकडे शूटिंग असतं, महिन्यातून दहा-बारा दिवस. शकू, पाणी आण गो!"

शकुंतलाबाई पाणी घेऊन आल्या. ठसठशीत कुंकू, हसरा चेहरा. त्या म्हणाल्या, "आमचं लग्न झालं तेव्हा हितं कुडाचं घर होतं. सत्तावीस वर्षं मी त्या भिंती सारवल्या. तेव्हाच यांना बोलले होते, पक्कं घर झालं की एक भिंत माझ्या शालूच्या रंगाची पाहिजे. शालूचा पदर घेऊन गेले रंगाच्या दुकानात. तीन वेळा परत पाठवला डबा, तेव्हा जमला."

मला त्या क्षणी खरंच लाज वाटली. मी हसलो होतो ते कुठल्या सेटवर नाही, या बाईच्या सत्तावीस वर्षांवर हसलो होतो, आणि चंदरभाईंनाही हसवलं होतं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हटलं, "रंग फार... ठाम आहे."

"बघा," शकुंतलाबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "याला म्हणतात जाणकार माणूस. नाहीतर तो एक मेला." आणि त्यांनी टीपॉयखालून प्लास्टिकची फाइल काढली. फाइलमध्ये काकदृष्टीचे सगळे लेख! कात्रीने कापलेले, तारखेप्रमाणे लावलेले. आमचं हे चार पानी साप्ताहिक कॅम्प पाचच्या बाहेर जातं हे मला माहीत नव्हतं. (चंदरभाईंनासुद्धा नसावं.)

"निखिलच्या मावशीकडे येतो हा पेपर. ती आणून देते मला," त्या म्हणाल्या. "एकदा गावला पाहिजे हा काकदृष्टी."

"गावला तर काय कराल?" मी विचारलं.

"ते गावल्यावर बघू."

मंजिरी माशांकडे बघत होती. मला वाटलं, आपण आधीच या माणसाचा धिक्कार केला तर संशय कशाला येईल? मग मी सुरू झालो. "असल्या माणसांना घर नसतं, दार नसतं. आयुष्यात काही जमलं नाही की लोक समीक्षक होतात. अहो, असल्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नये!" सुनंदाला पाण्याचा ठसका लागला. शकुंतलाबाई मात्र प्रसन्न झाल्या. त्यांनी मला पोहे वाढले, वर खोबरं घातलं, आणि म्हणाल्या, "थांबा, सगळ्यात वाईट कुठला ते वाचून दाखवते."

चष्मा लावून त्या वाचायला लागल्या. "'हे घर ज्याने सजवलं त्याला माझा नमस्कार. कारण इतक्या वस्तू एका खोलीत ठेवूनही...' हितं कात्रीत कापलं गेलं वाटतं. पुढचं काय होतं कोणास ठाऊक."

"'...त्यातली एकही दुसरीशी बोलत नाही,'" मी म्हणालो.

काय सांगू, ते वाक्य मला फार आवडायचं. दोन दिवस घासलं होतं. ते असं अर्धवट लोंबकळताना मला बघवलं नाही. तोंडून निघून गेलं, आणि वर मी थोडा हसलोसुद्धा, दाद मिळेल म्हणून.

बाळारामभाऊ पंख्याकडे बघायला लागले. निखिलने डोळे मिटले. शकुंतलाबाईंनी फाइल बंद केली, माझ्यासमोरची पोह्यांची बशी उचलली (अर्धी शिल्लक होती) आणि आत निघून गेल्या.

"बाबा," मंजिरी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर चपला आहेत का बघून या." तिचे डोळे भरले होते. मी उठलो. माझ्या एका वाक्यापायी पोरीचं लग्न मोडणार होतं.

दारापर्यंत पोहोचलो तेवढ्यात मागून शकुंतलाबाईंचा आवाज आला. "थांबा, काकदृष्टी."

मी थांबलो.

"पोरगी चांगली आहे. तिच्यावर माझा राग नाही. राग तुमच्यावर आहे. गुरुवारी हितं शूटिंग आहे, मुलगी देण्याची बोलणी चाललीत असा सीन. मुलीच्या बापाचं काम करणारा माणूस आजारी पडलाय, ते लोक दुसरा शोधतायत. ते काम तुम्ही करा. एकच वाक्य आहे. या भिंतीसमोर बसा आणि नीट करून दाखवा. मग साखरपुड्याची तारीख काढू."

"आणि नाही जमलं तर?" सुनंदाने विचारलं. ती मला ओळखून आहे.

"न जमायला काय झालं?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "मुलीचा बाप तर आहेतच ते."

गुरुवारी अकरा वाजता मला दुसऱ्याच कुणाचा तरी रेशमी कुर्ता घातला. तो पाठीमागे सहा टाचण्यांनी आवळला होता, त्यामुळे मागे टेकायची सोय नव्हती. वाक्य होतं, 'आजपासून आमची मुलगी तुमची.' चार शब्द. चार दिवस मी ते आरशासमोर, जेवताना, भाजी आणताना म्हणत होतो. भाजीवाली मला पालक देताना दचकली.

पहिल्यांदा मी थेट कॅमेऱ्याला मुलगी देऊन टाकली. दुसऱ्यांदा आवाज असा निघाला की जणू उद्या पाणी येणार नाही असं सांगतोय. तिसऱ्यांदा माझ्यातला समीक्षक जागा झाला.

"एक सुचवू का?" मी दिग्दर्शकाला म्हटलं. "पहिल्याच भेटीत कुठला बाप असं म्हणतो? आधी निदान मुलाचं काम तरी विचारेल."

दिग्दर्शक सभ्य होता. "काका, तुम्ही फक्त वाक्य म्हणा. बाकी आम्ही बघतो." नवव्या वेळी तो म्हणाला, "काका, जरा नॅचरल." बाराव्या वेळी त्याने गळ्यातला गमछा काढून तोंड पुसलं आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. "काका, तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे. ती काय, त्या हंसापाशी उभी आहे."

"मग तिच्याकडे बघा आणि म्हणा."

मी मंजिरीकडे बघितलं. पायाखाली वायरी, हातात माझा चष्मा धरलेला, आणि ओठ हलवत ती मला वाक्य आठवून देत होती. लहानपणी स्नेहसंमेलनात मी तिला असाच खालून आठवून द्यायचो. मी तोंड उघडलं, 'आजपासून' म्हणालो, आणि पुढे काही म्हणवेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मेकअपवाली धावत आली.

"कट! काका, सीन आनंदाचा आहे," दिग्दर्शक म्हणाला, आणि मग त्याने हात जोडले. "राहू दे. मालक, तुम्ही बसता का?"

बाळारामभाऊ बसले. त्यांना दोन्ही मुलगेच. माझा कुर्ता त्यांना टाचण्यांशिवाय बसला. झोपाळ्याकडे बघत, हसत, थोडं थांबून ते म्हणाले, "आजपासून आमची मुलगी तुमची." एका झटक्यात! सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. सुनंदाने पदराने डोळे पुसले. माझ्या वेळी बारा वेळा ती नुसती घड्याळ बघत होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात खाली मान घालून उभा होतो. शकुंतलाबाई आल्या. मी म्हटलं, "नाही जमलं. भिंतीबद्दल लिहिलं त्याची माफी मागतो, पण पोरीला शिक्षा नको."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग आतून पोह्यांची बशी आणली, या वेळी भरलेली. "तुमच्या लेखांपेक्षा बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात साखरपुडा. हितंच, या भिंतीसमोर."

साखरपुडा थाटात झाला. तोवर बाळारामभाऊंचा तो भाग टीव्हीवर लागून गेला होता आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांनी पाहिला होता. भिंत शालूच्या रंगात उठून दिसत होती, मंजिरी तिच्यासमोर हसत होती, आणि मला जगाबद्दल काही तक्रार उरली नव्हती. बुवापाड्याचा फोटोग्राफर ओरडला, "मुलीचे वडील, मुलीजवळ या!"

मी टोपी सारखी करून मंजिरीशेजारी जाऊन उभा राहिलो. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं, मग कॅमेरा खाली घेतला.

"तुम्ही नाही ओ काका," तो म्हणाला. "मुलीचे वडील."

लोकांनी हसत हसत बाळारामभाऊंना पुढे ढकललं. मी बाजूला झालो. फोटो उत्तम आलाय, आमच्या हॉलमध्ये लावलाय. आणि समीक्षक म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, त्यातले मुलीचे वडील अगदी पटतात.